ज्येष्ठांच्या डे-केअर केंद्रासाठी निधी: सरकारी योजना, सीएसआर की स्थानिक देणग्या?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. कराड भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघासाठी विचारतोय. संघ सोसायटी आणि सार्वजनिक विश्वस्त अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेला आहे, ८ वर्षं जुना. लेखापरीक्षण दरवर्षी होतं, पण आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी नाही. विरंगुळा केंद्राची जागा वापरायला मिळाली आहे. तिथे सकाळी १० ते ५ या वेळात २० ज्येष्ठांसाठी डे-केअर चालवायचं आहे: दिवसभर घरी एकटे असणारे किंवा विसरभोळेपणा वाढलेले लोक, त्यांचं जेवण, व्यायाम, ने-आण. वर्षाला १४ लाखांच्या आसपास खर्च दिसतो. केंद्र सरकारच्या योजनेतून मिळेल का? मुख्यमंत्री वयोश्रीतून? की थेट कंपन्या गाठायच्या? आजूबाजूला साखर कारखाने भरपूर आहेत.

ताळेबंद:
आधी कागद. १२ए आणि ८०जी नसेल तर कंपनीचं दार उघडतच नाही, कारण सीएसआरचे (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचे) पैसे घ्यायचे तर सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक लागतो आणि त्यासाठी हे दोन्ही हवेत. शिवाय तशाच प्रकारच्या कामाचा ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. संघाने आरोग्य शिबिरं, फिजिओथेरपी वगैरे केलं असेल तर त्याच्या तारखा, हजेरीपट आणि खर्चाच्या पावत्या आत्ताच एकत्र लावा. फक्त फोटो असतील तर उपयोग नाही.

संघाची घटना (नियमावली) काढून उद्दिष्टं वाचा. बहुतेक संघांच्या घटनेत ‘सभासदांचे कल्याण’ असं असतं, आणि अर्ज अडकतो तो तिथेच. लाभ सभासदांपुरता असेल तर आयकर खातं ते सार्वजनिक धर्मादाय काम मानायला तयार होत नाही. ‘परिसरातील सर्व ज्येष्ठ नागरिक’ असा शब्द हवा. नसेल तर विशेष सर्वसाधारण सभा, मग धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. यात महिने जातात, म्हणून हे पहिलं काम.

दुसरी नेहमीची अडचण बदल अर्जाची. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत तो द्यायचा असतो. दोन-तीन निवडणुकांचे अर्ज राहिलेले असले की परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) जुन्याच, कधी कधी दिवंगत मंडळींची नावं असतात आणि प्रस्तावावर सही करणारा अध्यक्ष कागदोपत्री विश्वस्तच नसतो. कंपनीचा वकील हे पहिल्या फेरीत पकडतो.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. सरकारी अनुदानाला ती लागतेच.

घाटमाथा:
योजनांबद्दल. मुख्यमंत्री वयोश्री संस्थेला नाहीच. ती ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये देते. केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेत संस्थांना अनुदान आहे, अर्ज ई-अनुदान पोर्टलवर. पण भर २५ जणांच्या निवासी आश्रमावर, फिरत्या दवाखान्यांवर आणि फिजिओथेरपी केंद्रांवर. डे-केअरच्या पगारासाठी तिच्या भरवशावर बसू नका. हप्ता उशिरा आला तरी पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. आमदार निधीतून शौचालयाचा रॅम्प होईल, स्वयंपाकीण ठेवता येणार नाही.

काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रं बजेटमध्ये धरू नका. राष्ट्रीय वयोश्री योजनेत अलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरातून अल्प उत्पन्न गटातल्या ज्येष्ठांना ती मोफत मिळतात.

खर्चवही:
‘वर्षाला १४ लाख’ असं मांडलंत तर नकार नक्की. देणाऱ्याला एका माणसाचा एका दिवसाचा खर्च कळला पाहिजे. उदाहरणादाखल महिन्याचा हिशेब (२६ दिवस, आकडे आपल्या गावच्या दराने बदला): समन्वयक १८,०००, दोन काळजीवाहक २८,०००, फिजिओच्या ८ फेऱ्या ६,४००, वाहन २०,०००, वीज-सफाई ६,०००. जेवण-नाश्ता माणशी ७० रुपयांनी ३६,४००. एकूण १,१४,८००, म्हणजे माणशी दिवसाला साधारण २२१ रुपये.

आता गोम अशी की २० नावं लिहिली म्हणून रोज २० जण येत नाहीत. पाऊस, आजारपण, लेकीकडे मुक्काम. सरासरी १४ आले तर जेवणाचा खर्च घटतो, पण बाकीचे ७८,४०० तसेच राहतात आणि तोच आकडा २८५ वर जातो. प्रस्तावात सरासरी हजेरीवरचा आकडाच द्या, नाहीतर पहिल्या तिमाही अहवालात स्पष्टीकरण देत बसाल. लाभार्थींकडून ऐपतीप्रमाणे थोडं शुल्कही दाखवा. पैसे थांबल्यावर केंद्र कसं चालणार, हे कंपनी विचारतेच.

साखर कारखान्यांचं म्हणाल तर सहकारी कारखाने आणि सहकारी बँका कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यामुळे नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करण्याचं बंधन त्यांना नाही. त्यांच्याकडे धर्मादाय निधीसाठी अर्ज करा, आणि तो सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेच्या आधी पोचू द्या. खासगी कारखाना कंपनी असेल आणि निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तर मात्र सीएसआर लागू. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ज्येष्ठांची डे-केअर केंद्रं नावानिशी आहेत, प्रस्तावात तो उल्लेख करा.

वेळही बघा. चालू खर्चाचा प्रस्ताव एप्रिल ते जूनमध्ये. फेब्रुवारीत कंपनीला उरलेले पैसे मार्चअखेर संपवायचे असतात, तेव्हा खुर्च्या, पकडदांड्या, इन्व्हर्टर अशी लगेच बिल होणारी यादी तयार असावी.

कोयनाकाठ:
आभार. घटनेत ‘सभासदांचे’ असंच निघालं. आणखी एक: काही सभासदांची मुलं अमेरिकेत आहेत, दरमहा पाठवायला तयार आहेत. संघाच्या खात्यात घ्यावेत का?

ताळेबंद:
प्रत्येकाचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी परकीय धरली जात नाही; पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. अमेरिकी नागरिक झालेल्याचे पैसे मात्र, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचं) कार्ड असलं तरी, परकीयच. एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणीशिवाय एक डॉलरही घेऊ नका, आणि त्या नोंदणीसाठी गेल्या ३ वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेला दाखवावा लागतो. अशा मुलांनी आपल्या आई-वडिलांना पैसे पाठवावेत आणि त्यांनी केंद्राचं शुल्क भरावं. शुल्क मात्र सगळ्यांना लागू असलेल्या दरानेच घ्या, देणगी त्या नावाखाली लपवू नका.