फोटो 8 एमबीचा, सर्व्हर घेतो 1 एमबी: लिमिट वाढवायची की फोटो लहान करायचा?

सातपूरकर: दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी आम्ही पोर्टल केलंय. बागेत उभं राहून रोगट पानाचा फोटो काढायचा, प्लॉट आणि फवारणीची तारीख भरायची, पाठवायचं. काल एकाचा फोन: "साहेब, दोनदा भरलं, काहीच जात नाही." फोटो 8 एमबीचा. एनजिनएक्सला (आमचा वेब सर्व्हर) वेगळं काही सांगितलं नसेल तर तो 1 एमबीच्या वरचं आत घेत नाही, 413 ('फाइल फार मोठी' हा एरर) देऊन मोकळा. आमचे सीनियर म्हणतात, 100 एमबी टाक आणि विषय संपव. माझं मत उलट: लिमिट लहानच ठेवा, फोटो पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (ब्राउझरची चित्र काढायची सोय) बारीक करा. शिवारात रेंजच्या दोन काड्या, तिथून 8 एमबी कशाला चढवायला लावता?

निफाडचा: घरची बाग आहे म्हणून बोलतो. डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आधी तेलकट डागासारखा दिसतो, खात्री पटते ती पानामागच्या पांढऱ्या बुरशीवरून. फोटो दाबून पाठवलात की बुरशी कुठली आणि औषधाचे डाग कुठले, कळत नाही. मग सल्लागार म्हणणार, "जवळून फोटो पाठवा." तुमचा डेटा वाचला, माझी फवारणी लांबली. लिमिट वाढवा.

पंचवटी_पीएचपी: वाढवा, पण एका जागी वाढवून भागत नाही. पीएचपीत (सर्व्हरवर फॉर्म हाताळणारी भाषा) मुळात एका फाइलला 2 एमबी आणि अख्ख्या पोस्टला, म्हणजे फॉर्म आणि फाइल मिळून, 8 एमबी असतं. आम्ही एनजिनएक्सला 20 केलं, पीएचपी तसंच राहिलं. पोस्टची मर्यादा ओलांडली की पीएचपी नुसती फाइल टाकून देत नाही, सगळा फॉर्मच रिकामा हातात देतं. स्क्रीनवर लाल अक्षरात "नाव भरा". समोरचा म्हणतो, भरलंय की हो! तीन दिवस व्हॅलिडेशन (फॉर्म नीट भरलाय का बघणारा कोड) तपासत बसलो होतो.

ओझर_ऑप्स: 100 एमबीला माझा ठाम विरोध. मोठी रिक्वेस्ट आली की एनजिनएक्स ती डिस्कवर तात्पुरत्या फाइलीत लिहितो. आमच्याकडे डेटाबेसही त्याच डिस्कवर होता. डिस्क भरली, रात्री दोनला उठलो. आणि सातपूरकर, ब्राउझरमधली तपासणी ही सोय झाली, कुलूप नव्हे; कर्ल (ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवायचं टूल) वापरणारा तुमची जावास्क्रिप्ट बघतही नाही. बाहेरची लिमिट आतल्यापेक्षा जरा सैल ठेवा: एनजिनएक्स 25, पोस्ट 22, फाइल 20, ॲपमध्ये 15. म्हणजे नकार ॲपच देईल, आणि मराठीत देईल. एनजिनएक्सचं 413 ब्राउझर धड दाखवतही नाहीत, कनेक्शन तुटल्यासारखं वाटतं.

निफाडचा: 15 चालेल. पण फोटो निवडल्या निवडल्या सांगा. सगळं भरून झाल्यावर नाही.

सातपूरकर: बरं, पानाचा फोटो मूळचाच घेतो, सोबतच्या सातबाऱ्याचा मात्र बारीक करणार. रेंजचा प्रश्न उरतोच. तुकड्यांनी पाठवायचं म्हटलं तर एस3 (ॲमेझॉनची फाइल साठवायची सेवा) च्या मल्टिपार्टमध्ये, म्हणजे तुकड्यांच्या अपलोडमध्ये, शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान 5 एमबीचा लागतो. 8 एमबीच्या फोटोला त्याचा काय उपयोग?

पंचवटी_पीएचपी: मग टस (तुटलेलं अपलोड पुढे चालू ठेवायचा प्रोटोकॉल) बघा. जिथे तुटलं तिथून पुढे पाठवता येतं, तुकडा केवढाही चालतो.

सातपूरकर: बघतो. सीनियरना 15 सांगितलं. म्हणाले, "मग 100 ने काय बिघडतं?"

ओझर_ऑप्स: पुढच्या वेळी रात्री दोनला अलर्ट त्यांच्या फोनवर लावा.