ग्रेट ओशन रोड : एका दिवसात उरकू नका

रोहित : वहिनी, तुमचे फोटो बघितल्यापासून सायलीच्या डोक्यात ऑस्ट्रेलियातला तो समुद्रकाठचा रस्ता, ग्रेट ओशन रोडच आहे. मेलबर्नला चार दिवस आहोत, त्यातला एक ठेवतोय. सकाळी टूरच्या बसने जायचं, रात्री परत. पुरेल ना?

केतकी : नाही रे, एका दिवसात नका उरकू. किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की अर्धा दिवस नुसता जाण्यात जातो. दुपारी सगळ्या बसेस एकदम ट्वेल्व्ह अपॉसल्सला, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या त्या दगडी खांबांपाशी पोचतात, सगळे कठड्याला खेटून फोटो काढतात आणि निघतात. आम्ही दोन रात्री राहिलो, एक अपोलो बेला आणि एक पोर्ट कॅम्पबेलला. तरी निघताना जीव तिथेच अडकला होता.

मंदार : गाडी भाड्याने घे. तिकडेही डावीकडूनच चालवतात, त्यामुळे हाताला वेगळं काही वाटत नाही. रस्ता जिथे सुरू होतो त्या टॉर्की गावाकडून पश्चिमेला गेलास तर समुद्र सतत तुझ्या डाव्या हाताला, म्हणजे आपल्याच बाजूला. थांबायच्या बऱ्याचशा जागाही त्याच अंगाला आहेत, समोरून येणारी गाडी चुकवून रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट्या दिशेने आलास तर डोंगराचा कडा तेवढा जवळ राहील.

आत्या : मंदार, वळणं फार आहेत म्हणतात. भीती नाही वाटली?

मंदार : लॉर्न ते अपोलो बे भरपूर वळणं आहेत आत्या. मागची गाडी घाईत असेल तर बाजूला घ्यायला जागा करून ठेवल्यात, तिथे घ्यायची आणि तिला जाऊ द्यायचं. मी पहिल्या दिवशी मात्र एक चूक केली. निघायला उशीर केला आणि ऑटवेच्या जंगलात अंधारून आलं. वळणावर अचानक एक वॉलबी, म्हणजे छोटा कांगारूच, रस्त्याच्या मधोमध उभा. ब्रेक लागला म्हणून निभावलं. रोहित, दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोच. बाकी काही विसरलास तरी हे विसरू नकोस.

केतकी : माझे हात थरथरत होते आत्या. नंतर दहा मिनिटं आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

सायली : वहिनी, वाटेत त्या लाकडी कमानीचा फोटो टाकला होतात ना, ते काय आहे?

केतकी : ती या रस्त्याची स्मारक कमान, ईस्टर्न व्ह्यूला आहे. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी हा रस्ता बांधला. १९१९ ला काम सुरू केलं, १९३२ ला पूर्ण झालं. कुदळ, फावडं, सुरुंग आणि ढकलगाड्या, एवढ्यावर तो कडा फोडला. जे सोबती युद्धातून परतलेच नाहीत, त्यांची आठवण म्हणून. हे वाचून पुढे निघालो आणि प्रत्येक वळणावर डोंगराची तासलेली बाजूच बघत राहिले. फोटोसाठी थांबाल तेव्हा कमानीखाली दोन मिनिटं शांत उभे राहा.

रोहित : आणि ते बारा खांब?

मंदार : नाव बारा, पण बारा कधीच नव्हते. चुनखडीचा दगड, लाटा खालून खात राहतात. २००५ च्या जुलैत त्यातला एक कोसळला. पुढे लंडन ब्रिज नावाचा कमानीसारखा खडक आहे, त्याची जमिनीकडची कमान १९९० च्या जानेवारीत पडली, तेव्हा दोन पर्यटक पलीकडे अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. म्हणून कठड्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या उतरून वाळूत जा, तिथून मान वर केली की कड्याची उंची कळते.

केतकी : मला विचाराल तर खरी जागा लॉक आर्ड गॉर्ज. १८७८ च्या १ जूनला लॉक आर्ड नावाचं जहाज इथे खडकावर फुटलं. इंग्लंडहून निघालेलं, मेलबर्न अगदी टप्प्यात आलं होतं. ५४ माणसांपैकी दोनच वाचली, टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकल. टॉम किनाऱ्याला लागला होता, पण तिची हाक ऐकून परत पाण्यात शिरला आणि तिला ओढून आणलं. मग दमलेल्या अंगाने कडा चढून मदत शोधायला गेला. खाली वाळूत उभं राहिलं की तिन्ही बाजूंनी उभ्या भिंती, समुद्राकडे एक चिंचोळं तोंड. तो वर चढला कुठून, हेच मी शोधत होते.

आत्या : मग लग्न झालं का गं त्यांचं?

केतकी : नाही आत्या. तेव्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं म्हणे. पण तिचे आईवडील आणि भावंडं त्याच जहाजाबरोबर बुडाली होती. ती काही महिन्यांनी आयर्लंडला परतली.

आत्या : बिचारी पोर.

केतकी : त्याच जहाजावर मेलबर्नच्या १८८० च्या प्रदर्शनासाठी चाललेला चिनी मातीचा मोठा मोर होता, तो मात्र खोक्यासकट किनाऱ्याला लागला. वॉर्नाम्बूलच्या संग्रहालयात आहे. त्याच्यासमोरून माझा पाय निघेना.

सायली : वहिनी, बसचं रद्द करतोय. पोर्ट कॅम्पबेलला दोन रात्री घेऊ का?

केतकी : एक अपोलो बेला घ्या, एक पोर्ट कॅम्पबेलला. आणि पहाटे उजाडताना अपॉसल्सला जा, आम्ही गेलो तेव्हा कठड्यावर फक्त चार माणसं होती. जाडं जॅकेट हाताशी ठेव, वारा फार बोचतो.