मदत हवी आहे: डॅनियल वेल्स यांच्या पदांना मराठी शब्द कोणते द्यावेत?

नमस्कार. आमच्या वाचनमंडळासाठी मी अमेरिकेतील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे एक नेते डॅनियल वेल्स (1814–1891) यांच्यावर टिपण लिहीत असून, त्यांच्या पदांपाशी येऊन अडलो आहे.

मिसुरीतून हाकलले गेलेले मॉर्मन 1839 मध्ये इलिनॉयमधील ज्या गावात आले, आणि ज्याचे पुढे नावू झाले, तेथे वेल्स 'जस्टिस ऑफ द पीस' (किरकोळ खटले चालवणारे स्थानिक न्यायाधिकारी) होते. ते स्वतः तेव्हा मॉर्मन नव्हते. त्यांनी या लोकांना जमीन विकली, पण बाप्तिस्मा घेतला तो 1846 मध्ये, म्हणजे पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांची हत्या होऊन दोन वर्षे उलटल्यावर आणि बहुतेक मॉर्मन गाव सोडून गेल्यावर. जुन्या मुंबईत जगन्नाथ शंकरशेटांसारख्यांना मिळालेले 'जे. पी.' हे पद नावाने तेच, परंतु त्यातला मानाचा सूर इथे नको आहे. 'मुन्सफ' चालेल काय?

खरी अडचण पुढे आहे. 1857 मध्ये स्मिथ यांच्यानंतरचे चर्चप्रमुख ब्रिगम यंग यांनी त्यांना आपले 'सेकंड काउन्सेलर' नेमले. 'द्वितीय सल्लागार' म्हटले की विचारल्यावर मत देणारे एखादे गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात चर्चचा कारभार पाहणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. त्याच वर्षी अमेरिकी संघराज्याची फौज, मॉर्मन पश्चिमेला जाऊन जेथे वसले होते त्या युटावर चालून येत असता, तिची रसद नष्ट करा, जनावरे उधळून लावा, मात्र कोणाचा जीव घेऊ नका, असा हुकूम स्थानिक सैन्याचे सेनापती म्हणून त्यांनीच दिला. 1866 ते 1876 ते सॉल्ट लेक सिटीचे महापौरही होते. मला मनातून 'कारभारी' हा शब्द आवडतो, पण वाचकाला लगेच बारभाई आठवतील.

शेवटची शंका 1879 च्या प्रसंगाची. बहुपत्नीत्वाच्या एका खटल्यात साक्ष देताना, 'एन्डाउमेंट' या गोपनीय विधीत कोणती वस्त्रे घालतात, हे सांगण्यास वेल्स यांनी नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना 2 दिवसांची कैद आणि 100 डॉलर दंड झाला. ते सुटले तेव्हा, शहराने त्यांची मिरवणूक काढली. सारा प्रसंगच वस्त्रांवर उभा असल्याने तो शब्द मला चुकवता येत नाही, आणि 'दीक्षावस्त्रे' लिहावे तर मराठी वाचकाला थेट भगवी कफनी दिसेल. 'विधीची वस्त्रे' एवढेच लिहिले, तर त्यातले गुपित हरवते काय? ख्रिस्ती धर्मविषयक मराठी लेखनाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांनी कृपया सुचवावे.