मदत हवी आहे: नोटिशीत 'व्हेइकल' लिहू की 'व्हेइकल्स'?

नमस्कार मंडळी,

मुलुंडला आमची ४२ बिऱ्हाडांची सोसायटी. निम्मी घरं गुजराती, चार तमिळ, म्हणून नोटिसा इंग्रजीत निघतात. यंदा सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यामुळे त्या मी लिहितो. शाळा मराठी माध्यमाची. वाचायला अडत नाही, पण लिहिताना त्या 'एस'पाशी पेन थांबतं.

मागच्या महिन्यात लिहिलं, 'मेंबर्स शुड पार्क देअर व्हेइकल्स इन द अलॉटेड स्पेस ओन्ली.' दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सुनेचीही गाडी आणून तिरकी घुसवली. विचारलं तर म्हणाले, "तूच लिहिलंयस ना, व्हेइकल्स!" मग मी 'एस' खोडला, तर मुलगी हसायला लागली. "बाबा, सगळ्या सोसायटीत मिळून एकच गाडी?"

मराठीत 'आपापली गाडी' म्हटलं की विषय संपतो. इंग्रजीत या 'आपापली'ला काय म्हणायचं?

दुसरं असं की, आपले केस गळतात, त्यांचं 'हेअर' मात्र एकवचनी. पैसे, तांदूळ यांचंही तेच. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, तर तिकडे सिझर्स आणि स्पेक्टॅकल्स. गणपतीच्या हिशोबात मी 'फर्निचर्स' आणि 'स्टेशनरीज' लिहिलं होतं. ऑडिटरने लाल पेनने दोन्ही 'एस' उडवले. रकमांना हात लावला नाही, हे नशीब. याला काही नियम आहे की सगळं पाठच करायचं?

प्रतिसाद १
दादा, मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. 'देअर'मागे बरीच माणसं असली की इंग्रजीत सहसा अनेकवचनच येतं. 'द चिल्ड्रन रेज्ड देअर हँड्स' यातून पोरांनी एकेक हात वर केला की दोन्ही, ते कळत नाही. काकांनी नेमकी तीच फट पकडली. संख्येवरून भांडण होणार असेल तिथे कर्ताच एकवचनी करा: 'ईच मेंबर मे पार्क वन व्हेइकल.' तुमचं 'आपापली' या 'ईच'मध्ये आलं. फक्त 'ईच ऑफ द' लिहिलंत तर पुढे 'मेंबर्स' येईल, क्रियापद मात्र 'हॅज'च राहील.

फर्निचर, स्टेशनरी, लगेज हे ढिगाचे शब्द, त्यांना 'एस' लागत नाही. मोजायचंच असेल तर सरळ 'टेन चेअर्स' लिहा. कात्रीला दोन पाती, चष्म्याला दोन भिंगं, पँटला दोन पाय, म्हणून ते शब्द अनेकवचनी. केस-पैसे मात्र पाठच करा. मीही तसेच केले.

प्रतिसाद २
वकील आहे, म्हणून राहवत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १३ म्हणतं की, संदर्भाला विसंगत नसेल तर केंद्रीय कायद्यांत एकवचनात अनेकवचन धरावं आणि उलटही. तुमची नोटीस म्हणजे काही संसदेचा कायदा नव्हे, पण कायदा लिहिणाऱ्यांनाही 'एस'चा भरवसा वाटत नाही हे बघा. बाईंचं ऐका, 'वन' घालाच.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. नवी नोटीस सकाळीच लिफ्टपाशी लावली. काका चष्मा चढवून दोनदा वाचून गेले. आता विचारतायत, स्कूटर व्हेइकलमध्ये धरायची का.