डीसीसी गाड्यांना द्या, सांधे मात्र पॅनेलवरच ठेवा

सांधेवाला
कर्जत ते लोणावळा घाटाचा मॉडेल रेल्वेचा एचओ लेआउट करतोय (१:८७, रूळ १६.५ मिमी). गाड्यांना डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) हवंच, त्यावर वाद नाही. कर्जतला मागे बँकर (ढकलायला जोडलेली इंजिनं) लावायचे, १:३७ च्या चढावर गाडी ढकलत न्यायची, लोणावळ्याला बँकर सोडायचे. साध्या डीसीत एका सेक्शनमधली सगळी इंजिनं एकदमच पळतात. डीसीसीत प्रत्येकाला स्वतःचा पत्ता, म्हणून पुढचं इंजिन आणि बँकर वेगवेगळे हाकता येतात.

पण सांधेही (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा) डीसीसीवरच घ्या, असं जो तो सांगतो, ते मला पटत नाही. मी दोन वर्षं तसं चालवलं. सांधा उलट बाजूला असताना इंजिन फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ छेदतात त्या भागावर) गेलं की शॉर्ट होतो आणि कमांड स्टेशन (रुळांना वीज आणि हुकूम देणारा डबा) वीज तोडतं. सांधा फिरवला की शॉर्ट सुटेल, पण सांध्याचा डिकोडर (हुकूम ओळखून सांधा फिरवणारं सर्किट) त्याच रुळाच्या विजेवर, म्हणजे तोही बंद! मग बोगद्यात हात घालून इंजिन मागे ओढा. एकदा पाहुण्यांसमोर दोनदा हेच झालं, तेव्हा सगळं काढलं.

आता १४ सांध्यांना टॉर्टॉइज मोटर (बोर्डाखाली बसणारी, सांधा सावकाश फिरवणारी), वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा आणि यार्डाचा नकाशा रंगवलेल्या पॅनेलवर टॉगल स्विच. टॉर्टॉइज टोकाला अडून थांबली तरी पंधरा-सोळा मिलिअँपच घेते, त्यामुळे वीज कायम चालू ठेवता येते. फ्रॉगची पोलॅरिटी तिच्याच आतल्या स्विचने बदलते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हेच करावं असं माझं ठाम मत आहे.

अपलाइन_डाउनलाइन
दादा, हा दोष डीसीसीचा नाही, वायरिंगचा आहे. सांध्यांच्या डिकोडरना रुळावरून वीज द्यायचीच नसते. कमांड स्टेशनपासूनच दोन फाटे काढा: एक रुळांना, एक सांध्यांना. रुळांच्या फाट्यावर वेगळा ब्रेकर. शॉर्ट झाला की फक्त रूळ बंद होतील, सांधे फिरत राहतील. ब्रेकर मात्र कमांड स्टेशनपेक्षा कमी अँपियरवर आणि आधी उडायला हवा, नाहीतर तो लावून उपयोग नाही.

आणि यार्डात गाडी घ्यायला किती सांधे फिरवता? माझ्याकडे पाच. जेएमआरआयमध्ये (कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, फोनवरूनही चालवता येतं) रूट बांधून ठेवलाय, एका बटणात पाचही लागतात. टॉगलवर त्यातला एक विसरलात की तुम्ही सांगताय तोच शॉर्ट.

सांधेवाला
ब्रेकरचं मान्य. पण फोनच्या पडद्यावर दिसतं ते तुम्ही काय हुकूम दिलात ते. सांध्याचं पातं (सरकणारा रूळ) खरंच तिकडे गेलं का, हे त्याला कुठे कळतं? गिट्टीचा एक खडा अडकला की संपलं.

अपलाइन_डाउनलाइन
टॉगलला तरी कुठे कळतं? टॉर्टॉइजमध्ये दोन स्विच असतात. एक फ्रॉगला गेला, दुसऱ्यावर पॅनेलचा एलईडी लावा. मोटर फिरली की नाही ते तरी खरं दिसेल. हे दोन्ही पद्धतींत करावंच लागतं.

खिडकीजवळची_जागा
तुम्हा दोघांकडे बोर्डाखाली जागा आहे. आमच्याकडे ठाण्याच्या फ्लॅटमध्ये कपाटावरची फळी. टॉर्टॉइजला खाली साडेतीन इंच तरी लागतात, शिवाय ती परदेशातून मागवायची. आधी मी कॉइलच्या मोटरी वापरल्या. मुलाने बटण दाबूनच धरलं आणि एक कॉइल जळली. कॉइलला क्षणभराचाच झटका द्यायचा असतो. कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (साठवलेली वीज एकाच झटक्यात सोडणारं सर्किट) मध्ये हवंच, ते मी लावलं नव्हतं.

आता एसजी९० सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी) आहेत, शंभर-दीडशे रुपयांना एक. १६ सर्व्होंचं एक पीसीए९६८५ बोर्ड, आणि आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डावर डीसीसी-ईएक्स हे कमांड स्टेशनचं सॉफ्टवेअर. गाड्या आणि सांधे दोन्ही त्यावरच, पण सर्व्होंना ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा, त्यामुळे शॉर्टची अडचण येत नाही. फ्रॉगसाठी मायक्रोस्विच जोडावा लागतो आणि वीज चालू करताना सर्व्हो क्षणभर थरथरतात. ते चालवून घेते.

नाना_स्टुटगार्ट
खरेदीआधी आणखी एक पाहा. एनएमआरएचं (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) डीसीसी मानक लेन्झ या जर्मन कंपनीच्या पद्धतीवरून आलं, म्हणून कुठल्याही कंपनीचा डीसीसी डिकोडर दुसऱ्याच्या कमांड स्टेशनवर चालतो. पण हातातला कंट्रोलर ज्या वायरवर बसतो ती प्रत्येकाची वेगळी: डिजिट्रॅक्स कंपनीचं लोकोनेट, लेन्झचं एक्स्प्रेसनेट. ज्या मित्रांबरोबर गाड्या चालवणार, त्यांच्याकडे काय आहे ते आधी विचारा.

सांधेवाला
ठीक. ब्रेकर लावतो आणि यार्डाचे पाच सांधे रूटवर घेतो. पॅनेल काढणार नाही, टॉगलही राहतील.

अपलाइन_डाउनलाइन
त्या पाचांवर टॉगल नको! रूटने सांधा फिरला तरी टॉगल जुन्याच बाजूला राहणार, आणि तुम्ही त्याच्यावर विसंबून गाडी सोडणार. तिथे पुश बटण आणि एलईडी लावा. उरलेल्या नवांवर टॉगल राहू द्या.

सांधेवाला
हे लक्षातच आलं नव्हतं. पाच पुश बटणं यादीत घेतली.