मुंकवरचा सिनेमा : चित्रं कमी, खोकला जास्त?

उन्हाळी_कावळा : काल रात्री पीटर वॉटकिन्सचा ‘एडवर्ड मुंक’ (१९७४) लावला, नॉर्वेच्या चित्रकारावरचा सिनेमा. साडेतीन तासांची आवृत्ती. दीड तासात निम्मं घर खोकून झालं, मुंकच्या त्या प्रसिद्ध ‘किंकाळी’ चित्राचा अजून पत्ता नाही. मधेच पात्रं थेट माझ्याकडे बघतात, जणू मीच काही गुन्हा केलाय. आणि ही मिसेस हायबर्ग कोण? मी वाचलंय त्यात मिली थाउलोव आहे. पुढे बघू की सोडू?

रिटायर्ड_मास्तर : सोडू नका. हायबर्ग आणि थाउलोव एकच. मुंकची प्रेयसी, पण लग्न झालेली. मुंकने स्वतःच्या टिपणांत तिला हायबर्ग केलं, सिनेमाने तेच नाव घेतलं.

खोकल्याचं म्हणाल तर, मुंक पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. १८७७ मध्ये बहीण सोफी, तीही क्षयानेच. तेव्हा हा तेरा वर्षांचा. म्हणून तो खोकला कॅफेतल्या गप्पांत, प्रेमाच्या प्रसंगातही मधेच घुसतो. घरातलं माणूस गेल्यावर त्याचा आवाज कानातून लगेच जातो का?

मी सदतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. इंटरमिजिएटच्या पोरांनी खोडरबर जास्त घासला की ओरडायचो, “कागदाला भोक पाडतोस का रे?” ‘आजारी मूल’ रंगवण्याचा भाग बघितला आणि त्या पोरांची आठवण झाली. मुंक रंग लावतो, खरवडतो, परत लावतो, परत ओरखडतो. १८८६ मध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, ते चित्र लावलं तर लोकांनी अर्धवट म्हणून टर उडवली. त्याने मात्र पुढच्या चाळीस वर्षांत तोच विषय आणखी पाचदा रंगवला. चित्रकारांवरच्या सिनेमांत एरवी दाढी वाढते, बाटली फुटते, की झालं चित्र तयार! इथे हात दुखतात.

तक्रार एकच. सगळा भर १८८४ ते १८९४ वर. १९०८ मध्ये तो कोपनहेगनच्या दवाखान्यात दाखल झाला, बरा होऊन परतला आणि १९४४ पर्यंत जगला. शेतं, घोडे, मजूर रंगवत. ते म्हातारपण मला बघायचं होतं. (वयाचा परिणाम, दुसरं काय.)

शाईचा_डाग : कॅमेऱ्याकडे बघणारे व्यावसायिक नट नाहीत. मुंकची चित्रं खरोखरच न आवडणारी माणसंही वॉटकिन्सने मुद्दाम घेतली होती. त्यामुळे प्रदर्शनातली नाकं मुरडणं अस्सल आहे. १८९२ चं बर्लिनचं प्रदर्शन येईपर्यंत तरी थांबा. आठवड्यात गुंडाळायला लावलं होतं, आणि त्या बोभाट्यानेच मुंकचं नाव जर्मनीभर झालं.

उन्हाळी_कावळा : मास्तर, परत पहिल्यापासून लावला. ते खरवडणं आलं. आवाज मोठा ठेवला होता, आई आतून विचारते, “उंदीर शिरलाय का रे?”