मूडी म्हणजे लहरीच का?

मूडी म्हणजे लहरी असं आपण मराठीत सर्रास म्हणतो, ते आपल्या बोलण्यापुरतं बरोबर आहे, पण इंग्रजीत वापरताना जरा जपून. तिकडे मूडी म्हणजे घडीत हसणारा घडीत चिडणारा, आणि बरेचदा तर तोंड पाडून बसलेला, घुम्या. आमच्या इंदूरला रामबागेत मामांना सगळे मूडीच म्हणायचे, म्हणजे काय तर मनात आलं की पेटी काढून रात्री बारापर्यंत गाणार, नाहीतर चार जण पोहे खाऊन वाट बघत बसलेत आणि हे पेटीवरचं कापडसुद्धा काढणार नाहीत, पण चिडणं-रुसणं अजिबात नाही हो. माझ्या मुलीनं इंग्रजी निबंधात ह्या मामाआजोबांना तसंच मूडी लिहिलं तर टीचरनं विचारलं, आजोबा घरात फार रागावतात का गं? पोरीला इतकं वाईट वाटलं! अशा माणसाला व्हिम्झिकल म्हणावं, ते जास्त जवळचं आहे. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे जुन्या इंग्रजीत मूडी ह्याच शब्दाचा अर्थ शूर, धीट असा होता, त्याच मुळातला जर्मन शब्द मूट म्हणजे तर आजही धैर्यच.